एकतीस रकान्यांचा तक्ता

ऑफिसात सगळे त्याला तक्तेबुवा म्हणत, आणि त्याचं वाईट वाटायचं सोडून त्याची छाती फुगायची. काहीही निवडायचं तर आधी तक्ता मांडायचा, गुण द्यायचे, बेरीज करायची, मगच हात पुढे. घरातला मिक्सर तीन आठवडे तक्त्यात अडकून पडला होता. मुली बघायला जातानाही त्याने तक्ता केला होता, आणि लग्नानंतर कपाट आवरताना तो नेमका बायकोच्याच हाती लागला. तिला दहापैकी साडेसहा मिळाले होते. पुढचे पंधरा दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

तर अशा माणसाकडे मालकीणबाईंनी काम सोपवलं. मोबाइल ॲप बनवणारं त्यांचं तीन माणसांचं ऑफिस. एका दातांच्या डॉक्टरांना मुलांसाठी गेम हवा होता. दाढ म्हणजे किल्ला, त्यात किडा शिरतो, फोनवर निरोप येतो, मूल धावत येऊन ब्रश फिरवतं आणि किडा पळ काढतो. हा गेम कुठल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कुठल्या तयार सांगाड्यावर बनवायचा, एवढंच तक्तेबुवाला ठरवायचं होतं. त्याने त्यात सहा आठवडे घालवले.

शर्यतीत चौघं होती. एक नुसतं वेबपान, वरून ॲपचा अंगरखा घातलेलं. दुसरं, एकदा लिहिलं की दोन्ही जातींच्या फोनवर चालणारं. तिसरं, प्रत्येक जातीच्या फोनसाठी वेगळं लिहावं लागणारं. आणि चौथं खास गेमसाठी बनवलेलं भलंमोठं इंजिन, ज्यात किड्याच्या मिशीचा केस न् केस हलायचा. तक्तेबुवाचा जीव त्या मिशीवर जडला होता. तक्त्याचे रकाने एकतीस झाले. इंजिनाला शंभरपैकी ब्याण्णव मिळाले, बिचाऱ्या वेबपानाला एक्केचाळीस.

बाईंचा धीर सुटला. "शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचं आणि होकार घेऊन यायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "नकार आला तर सोमवारपासून तुमची खुर्ची मी डॉक्टरांनाच देऊन टाकीन, पेशंट बसवायला." बाई कधी थट्टा करत नसत, त्यामुळे तक्तेबुवाच्या तोंडचं पाणी पळालं.

मग रविवारी तो सासुरवाडीला गेला तो चाचणीची चार ॲप घेऊनच. सासूबाईंचा फोन जुना, काचेला चिकटपट्टी लावलेला, म्हणून त्यावर वेबपान. मेहुण्याच्या फोनवर दुसरं, सासूबाईंच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बायकोच्या मावशींच्या फोनवर तिसरं. लाडकं इंजिन त्याने स्वतःच्या फोनवर ठेवलं. चारही ॲपवर डॉक्टरांच्या दवाखान्याचं नाव आणि हसरा फोटो. कॅमेऱ्याला तोंडातल्या दाढा ओळखता येतात का हे बघायला त्याने एकेकाला आ करायला लावलं आणि फोटो काढले. हे कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. समजावून सांगण्याचा कंटाळा आला म्हणून तो म्हणाला, "याला आतलं सगळं दिसतं." जाताना ॲप काढून टाकायची राहिली. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता ना!

शुक्रवारी सकाळी तो डॉक्टरांसमोर बसला. खोली लहान, मास्क हनुवटीवर ओढलेले डॉक्टर स्टुलावर, दारापलीकडे बाकावर दोन पेशंट. त्याने तक्ता उघडला. नवव्या रकान्याशी डॉक्टरांनी हात वर केला. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांचे फोन जुनेपुराणे, तर त्यांच्यापर्यंत निरोप पोचेल का?

"पोचेल म्हणजे? डोळ्याची पापणी लवायच्या आत," तक्तेबुवा म्हणाला, स्वतःचा फोन टेबलावर ठेवला आणि लॅपटॉपवर बटण दाबलं.

फोन ढिम्म. दोघंही फोनकडे बघत बसले. नेटवर्कचं काहीतरी असेल म्हणून तक्तेबुवाने फोन खिडकीपाशी नेला, हलवला, वर धरला. फोनने हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आत सासूबाई! पायात घरातल्या सपाता, पदराने गाल दाबलेला, दोन गल्ल्या पळत आल्याने धाप लागलेली. त्यांना तक्तेबुवा दिसला आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"जावईबापू, तुम्ही माझ्या आधी आलात? एवढी काळजी?" असं म्हणून त्यांनी डॉक्टरांसमोर फोन धरला. दवाखान्याच्या नावाने, हसऱ्या फोटोसकट लिहिलेलं होतं: दाढेत किडा शिरला आहे. लगेच या.

तक्तेबुवाने लॅपटॉपकडे पाहिलं. चाचणीच्या यादीतून घरच्यांचे फोन काढायचेच राहिले होते. बटण सगळ्यांसाठी दाबलं गेलं होतं. तो तोंड उघडतो तोच मेहुणा आला, अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच. "भाऊजी, कुठली दाढ ते तरी सांगायचं," एवढंच तो कसाबसा बोलला. पाठोपाठ मावशी आल्या. त्यांनी तर येतानाच गावाकडच्या थोरल्या बहिणीला फोन करून आपल्या बांगड्या कुणाला द्यायच्या ते सांगून ठेवलं होतं. बाहेरचे दोन पेशंट उठून दाराशी आले आणि आम्हालाही तपासा म्हणू लागले.

संपलं, तक्तेबुवा मनाशी म्हणाला. खुर्ची गेली, सासुरवाडीही गेली. त्याने हात जोडून सगळं खरं सांगून टाकलं. सासूबाईंनी गालावरचा पदर खाली घेतला आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो भिंतीला टेकला.

डॉक्टरांनी तिघांना ओळीने बसवलं, तिघांचे दात तपासले. तिन्ही तोंडं ठणठणीत. मग त्यांनी सासूबाईंचा चिकटपट्टीवाला फोन उलटसुलट करून बघितला.

"सगळी एकाच इमारतीतून आली ना? आणि या आजी पहिल्या आल्या," ते म्हणाले. "मला हेच पाहिजे. यांच्या फोनवर जे आहे ते."

"पण डॉक्टर, त्याला एक्केचाळीसच गुण आहेत. त्यात मिशी हलत नाही."

"पेशंट हलला की," डॉक्टर म्हणाले आणि तिथल्या तिथे बाईंना फोन करून होकार कळवला.

खुर्ची वाचली. सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरायचं जाहीर केलं, तेही त्याने निमूट सोसलं. शनिवारी ऑफिसात कुणी इंजिनाचं नाव काढलं की तो खाली मान घालून बसायचा.

सोमवारी सकाळी तो बायकोसोबत चहा घेत होता आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. तीन दिवस कुठे उंडारला होता देव जाणे, पण इंजिनाचा निरोप आला होता, हलत्या मिशीसकट. दाढेत किडा शिरला आहे. लगेच या. तक्तेबुवा ओशाळून हसला, चहाचा घोट घेतला आणि पुढच्याच क्षणी गाल धरून किंचाळला.

तासाभरात तो डॉक्टरांच्या खुर्चीत होता. डॉक्टरांनी आत आरसा घातला, बत्ती वळवली आणि थक्क होऊन मागे सरकले. किडा खरोखरच होता, चांगला ऐसपैस घर करून बसलेला.

"किती दुखतंय? दहापैकी सांगा," डॉक्टरांनी विचारलं.

तोंडात आरसा असल्यामुळे तक्तेबुवाला बोलता येईना. शेजारी उभी असलेली बायको त्याच्या वतीने म्हणाली, "साडेसहा."