लोखंडी उपाय

जेवताना ऋजुता सहज बोलून गेली आणि राजाभाऊंचा घास हातातच राहिला.

"म्हणजे लोखंडाने कॅन्सर मरतो?"

"तसं नाही, बाबा. कॅन्सरच्या काही पेशी लोखंड साठवून ठेवतात. त्याच लोखंडाने त्यांच्या आवरणातली चरबी गंजल्यासारखी खराब केली, की पेशी मरते. ते कसं घडवून आणायचं, हे आम्ही शोधतोय."

ऋजुता त्यांची सून, मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करणारी. राजाभाऊंच्या बायकोची, सुहासिनीबाईंची, किमो चंदीगडला चालू होती, म्हणून नवरा-बायको सांगलीहून मुलाकडे येऊन राहिले होते.

राजाभाऊंनी "शोधतोय" तेवढं ऐकलंच नाही. सकाळी ते इंडस्ट्रियल एरियात गेले आणि लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढी लोखंडी कढई रिक्षात घालून घेऊन आले. जन्मात कधी चहा न केलेला माणूस स्वयंपाकघरात शिरला. दुधी काळा झाला, वरण काळं झालं, एकदा तर खीरसुद्धा. सुहासिनीबाई मुकाट्याने खात होत्या.

"कसं झालंय?"

"मीठ बरोबर पडलंय."

मग त्यांनी मोबाइलवर वाचलं, की ई जीवनसत्त्व पेशींचं हे मरण रोखतं आणि बदामात ते भरपूर असतं. बायकोच्या उशाशी तर बदामांची बरणीच होती. ती त्यांनी खालच्या मजल्यावरच्या मिसेस गिलना देऊन टाकली. पण आलेली वस्तू नुसती ठेवून घेणं गिलबाईंना जमणारं नव्हतं. लगेच त्याच बदामांचे तुपात थबथबलेले लाडू, म्हणजे पिन्न्या, डबाभर वर आले.

"भाईसाब, भाभीजी को रोज़ खिलाना. ताक़त आएगी."

बायकोला देववेनात, टाकून द्यायचा धीर होईना. राजाभाऊ गच्चीत जाऊन एकटेच खाऊ लागले. डबा धुऊन परत केला, की गिलबाई खूश होऊन पुन्हा भरून देत.

पुढच्या किमोला सुहासिनीबाई आत होत्या आणि बाहेर बसलेल्या राजाभाऊंना चक्कर आली. साखर भलतीच वाढली होती. सलाईन संपवून त्या बाहेर आल्या, तर नवरा खाटेवर. ऋजुता धावत आली आणि सगळा प्रकार उघडकीला आला.

"बाबा, हे अजून प्रयोगशाळेत काचेच्या बशीत चाललंय. खाण्यातलं लोखंड वाढवून काही होत नाही. मला विचारायचं तरी."

राजाभाऊ खाटेवर उठून बसले. "मग हिने इतके दिवस ते काळं का खाल्लं?"

"मी डॉक्टरांना तेव्हाच विचारलं होतं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "कढईने फायदा नाही, पण बिघडतही नाही म्हणाले. अहो, सुया मला, औषधं मला. तुमच्या वाट्याला नुसती बाहेरची खुर्ची. तुम्हालाही काहीतरी करायला हवं होतं ना."

डॉक्टरांनी राजाभाऊंचं गोड बंद केलं आणि रोज चालायला सांगितलं. आता अंगात बळ असेल त्या संध्याकाळी सुहासिनीबाई डोक्याला स्कार्फ बांधून तलावाकाठी फिरायला निघतात. मध्येच थांबतात, वळून बघतात आणि धापा टाकत येणारा नवरा जवळ आला, की पुन्हा चालू लागतात.