विमानातल्या पाण्याचा नमुना

पाण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी गंडवू शकत नाही, असं दिग्विजय गेली बावीस वर्षं सांगत आला होता, आणि ते खोटंही नव्हतं. कुंभवलीजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत तो पाणी तपासायचा. विहिरीचं, बोअरचं, टँकरचं, कारखान्यांच्या कँटीनचं. दिवसभर पाणी बघून तो इतका विटलेला असायचा की घरी आल्यावर आंघोळसुद्धा उरकून टाकायचा. त्याचं सगळे ऐकायचे. ऐकत नव्हती ती एकटी त्याची आई, सुगंधाबाई.

दीपिकाच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं दिल्लीला होतं. आईचा पहिलाच विमानप्रवास. निघण्याआधी दिग्विजयनं तिला समोर बसवून सांगितलं, की विमानात नळाचं पाणी टाकीतून येतं, ती टाकी कधी धुतली जाते ते देवाला ठाऊक, तेव्हा नळाचं पाणी तोंडात घ्यायचं नाही, बंद बाटली मागायची. आईनं मान डोलावली. त्याची बायको अर्चना हे तिसऱ्यांदा ऐकत होती, ती बॅगेची चेन लावत राहिली.

विमान वर गेल्यावर अर्ध्या तासानं आई टॉयलेटला जाऊन आली आणि समाधानानं म्हणाली, की बरं झालं, रक्तदाबाची गोळीपण घेऊन झाली.

"कशाबरोबर घेतलीस?"

"नळ होता की तिथं."

"अगं, तिथं पेल्याचं चित्र होतं ना? काट मारलेलं?"

"होतं. म्हणून तर ओंजळीनं प्यायले. पेला न्हाई वापरला."

दिग्विजयनं डोळे मिटून घेतले. बेल दाबून बाटली का नाही मागितली, असं विचारल्यावर ती म्हणाली, पोरगी बिचारी उभ्यानं राबतेय, तिला कशाला हाक मारायची.

पुढचे आठ दिवस तो दिल्लीत रोज सकाळी आईचं पोट विचारत होता. कळ येते का, मळमळतं का, किती वेळा जाऊन आलीस. बारशाला आलेल्या पाहुण्यांसमोरही त्यानं विचारलं. आईला काहीसुद्धा झालं नाही. ती छोले खात होती, नातीला न्हाऊ घालत होती. शेवटी कंटाळून तिनं अर्चनाला विचारलं, ह्याचंच तर पोट बिघडलं नाही ना, सारखं पोट-पोट करतोय.

आई ठणठणीत राहिली याचा दिग्विजयला आनंद होता, पण मनात कुठंतरी तो हरल्यासारखाही झाला होता. मग त्यानं ठरवलं, की आता तोंडानं बोलायचंच नाही. परतीच्या विमानातून नळाच्या पाण्याचा नमुना घ्यायचा, तपासायचा आणि छापील अहवाल आईच्या हातात द्यायचा. निर्जंतुक केलेली एक रिकामी बाटली त्याच्या बॅगेत कायम असायची. आत चिमूटभर पावडरही असते, पाण्यातलं क्लोरीन मारायला. त्यानं तिथूनच प्रयोगशाळेतल्या कमलेशला फोन करून सांगितलं, की सोमवारी सकाळी सगळं मांडून ठेव, विमानाचं पाणी आणतोय. कमलेशनं ही बातमी कँटीनपर्यंत पोचवली.

नमुना घ्यायची रीत असते. आधी नळाचं तोंड स्पिरिटनं पुसायचं, मग दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. विमानातला नळ एकदा दाबला की चमचाभर पाणी देऊन गप्प व्हायचा. दोन मिनिटं वाहू द्यायला त्याला तो पंचेचाळीस वेळा दाबावा लागला. बाटली नळाखाली उभी राहीना, तिरकी धरली तर पाणी बाहीत जाई. बाहेर रांग लागली. हवाई सुंदरीनं दार वाजवलं, हिंदीत विचारलं, की तब्येत ठीक आहे ना? त्यानं आतून "पाच मिनिटं" म्हटलं. तेवढ्यात सुगंधाबाई मागे येऊन पोचल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उसका पेट बिगड्या हाय. आठ दिन से."

दार उघडलं तेव्हा समोर आई, दोन हवाई सुंदऱ्या आणि एक डॉक्टर उभे होते. डॉक्टर त्वचारोगाचे होते, पण तयारीचे होते. त्यांनी तिथंच दिग्विजयचं पोट दाबून पाहिलं. बाटली त्याच्या जॅकेटच्या आत होती, त्यामुळे खरं सांगायची सोय नव्हती. कोणीतरी मीठ-साखरेचं पाणी आणून दिलं. ते कुठल्या पाण्यात कालवलंय हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण एवढी माणसं बघत होती, त्यानं ते गटागटा पिऊन टाकलं. नमुना गार राहायला हवा म्हणून त्यानं थोडा बर्फ मागितला. जुलाबाला बर्फ कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं. डोकं दुखतंय, असं तो म्हणाला, आणि ते आता खरंच दुखत होतं.

मुंबईत दाराशी व्हीलचेअर तयार होती. त्याला बसावंच लागलं. अर्चना दहा पावलं मागून, ओळख नसल्यासारखी चालत होती. आई बाजूनं चालत त्याच्या कपाळाला हात लावून बघत होती.

रविवारी संध्याकाळी बोईसरला घरी पोचल्यावर त्यानं बाटलीवर "नमुना क्र. १" अशी चिठ्ठी लावली, ती फ्रिजमध्ये ठेवली आणि आडवा झाला.

सकाळी उठला तर बाटली ओट्यावर पालथी घातलेली. स्वच्छ पुसलेली.

सोसायटीत त्या दिवशी पाणी आलं नव्हतं. सकाळीच शेजारच्या जयवंती काकू प्रवासाची हकीकत ऐकायला आल्या, तेव्हा सुगंधाबाईंनी फ्रिजातलं पाणी घेऊन दोन कप चहा केला होता. चिठ्ठीचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, की चष्मा बॅगेत होता. आणि चहा जरा वेगळा लागला, साखर वाढवावी लागली.

दिग्विजयनं रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि तो कामावर निघाला.

प्रयोगशाळेत चार जण वाट बघत उभे होते. कमलेशनं नोंदवही उघडून विचारलं, "नमुन्याची स्थिती काय लिहू?"

"आईनं पिऊन टाकला, असं लिही."

कमलेशनं तसं लिहिलं आणि मग विचार करून खोडलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा जयवंती काकू मजल्यावरच्या आणखी दोघींना घेऊन बसल्या होत्या. काकूंचा मुलगा महिन्याभरानं नोकरीसाठी मस्कतला निघाला होता.

"दिगूभाऊ, विमानातला पानी पियाला चालते का नाय? पोराला काय सांगू?"

दिग्विजय आईकडे बघायला लागला. ती म्हणेल, मी प्यायले, काही होत नाही, असं त्याला वाटलं. पण सुगंधाबाई पदर सावरून म्हणाल्या, "त्यालाच विचारा. त्यातलं त्यालाच कळतं. तो म्हणंल ते खरं."

बावीस वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणत होती. आणि त्याच्याकडे नमुना नव्हता, अहवाल नव्हता, काहीच नव्हतं. वाईट म्हणावं तर आई रात्रभर पोट धरून बसणार, चांगलं म्हणावं तर धंद्याशी बेइमानी.

त्यानं घसा साफ केला.

"उकळून प्यावं," तो म्हणाला.

तिघींनी गंभीरपणे माना डोलावल्या. मग जयवंती काकूंनी हळूच विचारलं, "पन विमानात गॅस देतात का?"