मोकळी मेमरी

गोष्ट २००७ सालची. ग्रंथालयाच्या सर्व्हरला आठ जीबी मेमरी होती आणि तेव्हा ही श्रीमंती पाहुण्यांना मुद्दाम दाखवत. संगणक विभाग ठेवायचा की काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, हे ठरवायला सोमवारी समिती येणार होती. विभाग सांभाळणाऱ्या मॅडमची नोकरी त्यावर टांगलेली.

त्यांनी डेटाबेसची घडी नीट बसवली होती. वारंवार लागणारी माहिती हाताशी राहावी म्हणून कॅशला दोन जीबी, एकेका शोधाला चिमूटभर आणि बाकी मोकळी. ग्रंथपालसाहेबांना नेमकी ती मोकळीच खुपली.

"अहो मॅडम, निम्म्याहून जास्त मेमरी नुसती बसून खातेय!"

"गर्दी झाली की तीच लागते, साहेब."

"चिमटीनं वाढणं सोडा आता. मन मोठं करा!"

रविवारी बंद ग्रंथालयात साहेबांनी एकट्यानंच मन मोठं केलं. एकेका शोधाला अख्खा एक जीबी बहाल केला. मग एक पुस्तक शोधून पाहिलं. सर्व्हर वाऱ्यासारखा धावला. साहेबांनी स्वतःची पाठ थोपटली, कारण दुसरं कुणी हजर नव्हतं.

सोमवारी सगळे काउंटर उघडले, वाचक संगणकांना भिडले आणि सर्व्हरनं मान टाकली.

"साहेब, काय केलंत?"

"प्रत्येकाला एक जीबी दिला. कंजुषी कशाला?"

"अहो, चाळीस जण शोधतायत! आठातनं चाळीस आणू कुठनं? थांबा, जुने आकडे घालते."

"आकड्यांना हात लावायचा नाही! समिती जिन्यात आलीय. नुसता चालू करा."

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि सर्व्हर चालू केला. साहेब दालनभर धावत सुटले. "कीबोर्डवरचे हात काढा! कुणीही काहीही शोधायचं नाही!"

चाळीस माणसं हाताची घडी घालून बसली. समितीच्या अध्यक्षबाईंनी एकटीनं पुस्तक शोधलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते सापडलं.

"कमाल आहे! आणि वाचक तरी किती शिस्तीचे!"

विभाग वाचला. संध्याकाळी मॅडमनी गुपचूप जुने आकडे परत घातले. महिन्याभरानं समितीनं विचारलं, गती कमी का झाली? मॅडमनी खुलासा दिला, "आता वाचकही पुस्तकं शोधतात."

साहेबांना बढती मिळाली; पुढं ते 'साधनांचा पुरेपूर वापर' या विषयावर व्याख्यानं देत हिंडले. अध्यक्षबाईंनी इतर ग्रंथालयांनाही असेच शिस्तीचे वाचक तयार करायला सांगितलं. मॅडम त्याच खुर्चीतून निवृत्त झाल्या. त्यांच्या खुलाशावरचा 'असमाधानकारक' हा शेरा मात्र कायम राहिला.