जोगदंड सरांची लेव्हल

माझ्या वडिलांच्या तेराव्याला महाराज देहाच्या नश्वरतेवर बोलत होते, बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या आणि जोगदंड सर स्टुलावर चढले होते. त्यांनी खिशातून गवंड्याची छोटी लेव्हल काढली, ती हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली, आणि वडिलांच्या फोटोवर ठेवली. बुडबुडा सरकला. महाराज थांबले. सरांनी हार जरा बाजूला करून फोटो उजवीकडे ढकलला.

"दोन सूत," ते म्हणाले. म्हणजे जेमतेम पाव इंच. मग खाली उतरताना माझ्याकडे बघून, "फ्रेमवाले, काटकोनात न्हाई बरं का तुमची फ्रेम. चालू द्या महाराज."

माझे सासरे, साडू, आष्टीचे दोन व्याही, सगळे बसलेले. बीडमध्ये माझं फ्रेमचं दुकान आहे. सायकलला देवांचे फोटो बांधून मी उमापूरपासून आष्टीपर्यंत बाजार केलेत, त्यातून ते दुकान उभं केलंय. माणूस माझ्या बापाबद्दल बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. फ्रेमबद्दल बोलला.

ते मी अजून विसरलेलो नाही. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

जोगदंड सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक शेतात बोअर घेतात, सरांनी माझ्या दुकानाशेजारचं जिनिंगचं जुनं गोडाऊन घेतलं, चुना मारला आणि बाहेर 'कलादालन' अशी पाटी लावली. पहिले काही दिवस लोक लग्नाची तारीख विचारायला यायचे. त्यांना मंगल कार्यालय वाटलं.

सरांची लेव्हल मात्र दालनापुरती नव्हती. सलूनमध्ये दाढीला बसले की आरसा सरळ करायचे. बँकेत गेले की साहेबाच्या डोक्यावरचं घड्याळ. दालनात एकदा एक पुढारी प्रदर्शनाचं उद्घाटन करायला आला. फीत कापून चित्रासमोर फोटोला उभा राहिला, तर सर म्हणाले, "साहेब, थोडं डावीकडं कलताय तुमी." साहेबांनी पक्ष नुकताच बदललेला होता. कार्यकर्त्यांना हसावं की सरांना उचलावं ते कळेना.

तर या दालनात सर उमेदवार ठेवायचे. चित्रकलेचं शिकून आलेली पोरं, एका वेळी एक, एक वर्षासाठी. शहरात याला इंटर्नशिप म्हणतात. सर उमेदवारीच म्हणायचे, त्यामुळे आमच्याकडे घोळ व्हायचा. बीडमध्ये कुणी उमेदवार आहे म्हटलं की समोरचा आधी पक्ष विचारतो आणि मग जेवणावळ कधी आहे ते.

उमेदवाराला काम काय? झाडायचं. भिंतीतली जुनी भोकं बुजवायची. बाहेरून आलेली चित्रं उघडायची, मागून-पुढून तपासायची, प्रदर्शन संपलं की जुन्या चादरींत बांधून एसटीच्या पार्सलला द्यायची. चित्रं लावायची, सरांनी काढायला लावली की काढायची आणि पुन्हा लावायची. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सावलीला आत शिरलेल्या माणसाला चित्रापुढे चहा संपेपर्यंत उभं करून दाखवायचं. एकच मनाई होती. वर्षभर स्वतःचं चित्र भिंतीवर लागणार नाही.

"आधी भिंत, मग चित्र," सर म्हणायचे. हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की माझ्या दुकानात पोपट असता तर तोही शिकला असता.

मला त्यांच्या नादिष्टपणाचं काही नव्हतं. पण माझी मुलगी सायली संभाजीनगरहून चित्रकलेचं शिक्षण पुरं करून आली आणि सरळ शेजारी उमेदवार होऊन बसली. मला विचारलंही नाही. मी दुकानाला काउंटर नवा केला होता, तिच्या उंचीचा.

मी पोरीशी सौदा केला. एक वर्ष दिलं. वर्षअखेर तुझं चित्र शेजारच्या भिंतीवर लागलं तर तू चित्रकार, नाही लागलं तर दुकानात बसायचं, कुरकुर नाही. सायली हो म्हणाली. माझ्यापेक्षा लवकर हो म्हणणारा माणूस मला संशयास्पद वाटतो. पण सरांचा नियम मला माहीत होता. जिंकलेला सौदा होता तो.

तरी बापाचं काळीज. ती दिवसभर भोकं बुजवून घरी यायची, नखात चुना. कुंचल्याला हात नाही. दिवाळीनंतर मला ते बघवेना. मी सरांकडे गेलो. भिंत सपाट आहे का बघायला ते तिला गाल लावून बसले होते.

"सर, पोरीचं एक चित्र लावा."

"न्हाई."

"आवो, पुढच्या प्रदर्शनाच्या फ्रेमा माझ्याकडून."

"तुमच्या? काटकोनात न्हाईत त्या."

मी राग गिळला. बाजारात राग आणि भूक दाखवायची नसते. "बरं, दर्शनी भिंत राहू द्या. दाराच्या मागं लावा."

"न्हाई."

"मोरीच्या वाटेवर?"

"फ्रेमवाले," सर गाल न हलवता म्हणाले, "तुमी भाजी घ्यायला आलाव का?"

"मग कावून राबवताय माझ्या पोरीला?"

तेव्हा ते उठले. "चित्र काढणारे लई हायेत. आपल्या जिल्ह्यात घरटी एक निघंल. ते येतंय कसं, लागतंय कसं, बघणाऱ्याला थांबवतंय कसं, ह्ये कुणाला ठाऊक हाय? दालनाच्या दारात उभं राहायला शिकलं की मग आत चित्र जातंय. तवर न्हाई."

मी बाहेर आलो आणि माझ्याच शटरला लाथ घातली. शटर जिंकलं, अंगठा आठवडाभर काळा होता.

वर्ष संपलं. भिंतीवर सायलीचं चित्र नव्हतं. मी काउंटरवरची धूळ पुसून घेतली, तिच्यासाठी खुर्ची आणली. त्याच दिवशी सायली पेढे घेऊन आली. पुण्याच्या एका गॅलरीने तिला कामावर घेतलं होतं. तिथे आधी सरांचाच एक जुना उमेदवार होता, त्याने नाव सुचवलं होतं. मुलाखतीत त्यांनी तिची चित्रं पाहिली, छान म्हणाले, मग कापडात गुंडाळलेलं एक मोठं चित्र समोर ठेवलं आणि ह्याचं काय करशील विचारलं. सायलीने आधी हात धुतले. एवढ्यावरच त्यांनी तिला घेतलं असं ती सांगते.

"आपला सौदा?" मी विचारलं.

"पप्पा, शेजारच्या भिंतीचा होता. पुण्याचा कुठं होता?"

पोरगी माझीच आहे, हे तिथे मला मान्य करावं लागलं.

तीन-चार महिन्यांत तिचा फोन आला. नव्या चित्रकारांच्या प्रदर्शनात एका पोराचं चित्र ऐनवेळी आलं नाही, भिंत रिकामी पडली. गॅलरीच्या बाईंनी हिलाच विचारलं, तुझं काही आहे का. हिचं होतं. सायली म्हणाली, "पप्पा, इथं सगळे चित्रकारच आहेत. पण भिंत रिकामी पडली तेव्हा तिथं उभी मी होते." मग म्हणाली, "सर फोन उचलत नाहीत. दालनही बंद आहे ना? जाऊन बघा ना जरा."

दालन बंद आहे हे मला शेजारीच असल्याने माहीत होतं. त्याच आनंदात होतो.

गेलो. सरांच्या घरात मी तोवर पाऊल ठेवलं नव्हतं. तापाने फणफणलेले, एकटेच, अंगावर चित्रं बांधायची चादर. मी पाणी द्यायला वळलो आणि समोरची भिंत बघून तांब्या हातातच राहिला.

भिंतभर रिकाम्या फ्रेमा. चित्र नाही, काच नाही, नुसत्या चौकटी. सगळ्या माझ्या दुकानातल्या, माझी पट्टी मी ओळखतो. आणि एकूण एक वाकडी. कुणी डावीकडे झुकलेली, कुणी उजवीकडे, एक तर पार पडायला आलेली.

माझं डोकं तापलं. "सर, माझ्या बापाला स्टुलावर चढून सरळ केलंत, आणि माझा माल असा टांगलाय?"

"पोरांनी टांगलाय," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पयल्या दिवशी घरी चहाला बोलवतो. तुमच्याकडची फ्रेम आणायला लावतो आन् लेव्हल न देता टांगायला सांगतो. पयल्या दिवशी वाकडीच लागती. वर्षानं जाताना बरोबर लागती. मग ते जातेत. पुणं, मुंबई, बडोदा." त्यांनी श्वास घेतला. "सरळ लावणारं पोरगं माझं नसतं वो. ते त्या गॅलरीचं. माझं म्हंजे ह्ये."

"आणि ही तुमची लेव्हल?"

"हिकडं आणत न्हाई. दालनात ठिवून येतो."

मी भिंतीजवळ गेलो. सायलीची कोणती ते विचारावं लागलं नाही. डावीकडे कललेली. शाळेत प्रार्थनेला ती अशीच एका पायावर भार देऊन उभी राहायची.

"ही मला द्या," मी म्हणालो. "बदल्यात पाहिजे तेवढ्या नव्या घ्या. काटकोनातल्या."

"न्हाई."

"सर, माझी पोरगी आहे ती."

"हो की," ते म्हणाले आणि डोळे मिटले. "पण पयला दिवस माझ्याकडं घातला तिनं."

सायलीच्या आईचा डबा मी रोज नेऊन दिला. रोज घासाघीस केली. मिळाली नाही.

बरे झाल्यावर सर एकदा संध्याकाळी घरी चहाला आले. बसता बसता नजर वडिलांच्या फोटोकडे गेली. तेराव्यापासून तो त्यांनी केला तसाच, सरळ होता. हात सवयीने खिशात गेला. लेव्हल बाहेर आली.

"तो सायलीनं लावला होता," मी म्हणालो. माझा राग पुरेसा जुना होता, वापरून टाकला. "तिच्या आजोबाचा. तुमच्याकडं यायच्या कितीतरी आधी. स्टुलावर चढून, रडत."

चहावर साय धरली. मग त्यांनी लेव्हल टेबलावर ठेवली आणि स्वतःच स्टूल ओढलं. मी धरायला उठलो तर नको म्हणाले. वर चढून त्यांनी फोटोच्या कोपऱ्याला एक बोट लावलं आणि हळूच डावीकडे ढकललं. मान मागे घेऊन बघितलं. आणखी किंचित.

"दोन सूत," ते म्हणाले. "असाच होता."