मांडी बदलण्याविषयीचे धोरण

संगीत नेमकं कुठून येतं याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. ते शेवटी कुठे जातं याबद्दल मात्र तंबोरा धरणाऱ्यांत पूर्ण एकमत आहे. ते गवयाच्या गळ्यातून निघतं, रसिकांच्या कानांवरून पुढे सरकतं आणि गवयामागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याच्या डाव्या पायात जाऊन मुक्काम करतं.

भुकूमच्या 'स्वरकानन गुरुकुला'त हा मुक्काम गेली काही वर्षं गौतमीच्या पायात होता.

गौतमी भरे गावची. वडील दामू पिरंगुटच्या एका कारखान्याची स्टाफबस चालवत. गुरुकुल पौड रस्त्याला, दोन गृहसंकुलांच्या मधोमध, भाड्याच्या जागेत होतं. (एका संकुलाच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलं होतं, दुसऱ्याच्या जाहिरातीत 'संगीताच्या सान्निध्यात'. निसर्ग पहिल्याने जेसीबी लावून हलवला आणि संगीताविरुद्ध दुसऱ्याने चौकीत तक्रार दिली.) गुरुकुलाचे प्रमुख पंडित विश्रामबुवा, म्हणजे गुरुजी, हे थोर गायक होते. हे त्यांनी स्वतःच वारंवार सांगितलेलं असल्यामुळे शंकेला जागा नव्हती.

मागे बसणाऱ्याने हलायचं नाही, हा गुरुजींचा नियम. त्यामागचा विचार अगदी तर्कशुद्ध होता. मांडी बदलली की तंबोऱ्याचा भोपळा हलतो. भोपळा हलला की तार हलते, तार हलली की षड्ज हलतो आणि षड्ज हलला की घराणं. एका शिष्येच्या मांडीवर घराण्याच्या चार पिढ्या बसलेल्या असल्यावर पाय आखडणारच, त्यात पायाचा काय दोष?

तेव्हा मैफलीच्या सुरुवातीला संथ ख्याल चालू असताना गौतमीचा पाय बधिर होई. लय वाढली की त्यात मुंग्या येत. आणि मैफल संपवणारी भैरवी गुरुजींनी सुरू केली, की पोटरीत असा काही गोळा येई, की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागे. एक हात तारांवर, दुसरा तंबोऱ्याला; पुसणार कशाने? ते गालांवरून ओघळे आणि मंचावरच्या दिव्यांत चमके.

हिंजवडीच्या एका रसिकाने ते फोनवर टिपलं आणि 'गुरूची भैरवी, शिष्येचे अश्रू' असं नाव देऊन जगाच्या हवाली केलं. जगाला ते आवडलं. तेव्हापासून आयोजकांचे फोन येत, त्यात गुरुजींच्या प्रकृतीची चौकशी झाली की पुढचा प्रश्न असे, "आणि ती रडणारी मुलगी येणार आहे ना?"

गुरुजी म्हणत, "येणार तर! आमची भैरवी तिला सोसतच नाही."

हे अक्षरशः खरं होतं.

गौतमीने घरी एकदा खुलासा करायचा प्रयत्न केला होता. "आये, मी गाण्यापायी न्हाई रडत. पाय दुखतोय म्हून रडतीय."

"मग?" अनुसयाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "लगीन लागताना नवरीच्या डोळ्यांत पाणी येतं, तवा कुणी इचारतं का, बाई, चप्पल चावतीया का म्हून? दिसतं ग्वाड, बास."

"बसमदी सगळी इचारत्यात," दामूने भर घातली. "दामूदा, ती रडणारी तुमचीच का? छाती फुगती माजी."

गौतमीने विषय सोडून दिला, कारण तिला एकच गोष्ट हवी होती. दर हिवाळ्यात कासारसाईच्या धरणाकाठी गुरुकुलाचा महोत्सव होई आणि त्याची पहिली वीस मिनिटं एका शिष्याला मिळत. त्या वीस मिनिटांत तंबोरा दुसऱ्याच्या मांडीवर असतो आणि गाणं आपल्या गळ्यात. पुढची सगळी बोलावणी त्यावर ठरत. गौतमी दर वर्षी गुरुजींना विचारी आणि गुरुजी दर वर्षी म्हणत, "बघू." (गुरुकुलात 'बघू' म्हणजे 'नाही'. 'नक्की बघू' म्हणजे 'अजिबात नाही'.) यंदा मात्र ते म्हणाले होते, "यंदा तुझाच विचार आहे." असं वाक्य गुरुकुलाच्या इतिहासात पूर्वी कुणी ऐकल्याचं स्मरत नव्हतं.

नेमकं त्याच वर्षी गुरुकुलावर स्वास्थ्य आलं.

ते देणगीतून आलं. तक्रार करणाऱ्या संकुलाच्याच बिल्डरने मोठ्या मनाने देणगी दिली आणि अट घातली, की गुरुकुलात 'शारीरिक व मानसिक स्वास्थ्य विभाग' असावा. विभाग म्हणजे पायल मॅडम. त्या आधी एका आयटी कंपनीत होत्या. तिथे कर्मचाऱ्यांना आनंदी ठेवण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला त्यांनी कामावरून काढेपर्यंत आनंदी ठेवलं होतं.

पायल मॅडमनी आल्या आल्या पाहणी केली. कंबरदुखी ६८ टक्के, मानदुखी ५१ टक्के, बोटं दुखणं ४४ टक्के. एकूण १६३ टक्के. म्हणजे गुरुकुलात होते त्यापेक्षा जास्त विद्यार्थी आजारी होते. बिल्डरला हा आकडा फार आवडला; त्याच्या इमारतींतही मंजूर मजल्यांपेक्षा जास्त मजले असत.

मग मनाची पाहणी झाली. 'गुरुजींमुळे आपल्याला ताण येतो का?' असा प्रश्न होता. गुरुजी समोर गादीवर बसून उत्तरं गोळा करत होते. शंभर टक्के 'नाही'. दुसऱ्यांदा पाहणी झाली तेव्हा गुरुजी परगावी होते. ब्याण्णव टक्के 'होय'. यावरून विभागाने शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला, की विद्यार्थ्यांना ताण येतो तो गुरुजी समोर नसल्यामुळे. उपाय म्हणून त्यांनी भोजनगृहातही बसावं, अशी शिफारस झाली. (त्या महिन्यात पोळ्यांचा खप निम्म्यावर आला. 'आहारनियंत्रण यशस्वी', असा अहवाल गेला.)

गौतमीची पाळी आली तेव्हा तिने खरं सांगून टाकलं.

"ओ माय गॉड," पायल मॅडम म्हणाल्या. "हे नॉर्मलाइज करू नकोस, गौतमी. तुझं पेन व्हॅलिड आहे."

वेदना वैध ठरल्यावर गौतमीला जरा बरं वाटलं. फिजिओथेरपिस्ट आले. त्यांनी पाय वाकवून पाहिला, सकाळ-संध्याकाळचे व्यायाम दिले आणि सांगितलं, की बसताना खाली एक जाड उशी घे आणि अधूनमधून मांडी बदल. एवढं साधं सांगून विभागाचं समाधान होणार नव्हतं. म्हणून 'मांडी बदलण्याविषयीचे धोरण' तयार झालं. त्यातली मुख्य कलमं अशी:

मांडी बदलणे हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क राहील.

सदर हक्क बजावण्यापूर्वी गुरुजींची परवानगी घ्यावी.

गुरुजी गात असताना त्यांच्याशी बोलू नये.

अपवाद म्हणून, तबला समेवर येतो व सर्व श्रोते 'वाहवा' म्हणून माना हलवतात, त्या क्षणी विनापरवानगी मांडी बदलता येईल. (त्या क्षणी भूकंप झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, असे निरीक्षण आहे.)

धोरण उत्तम चाललं. भूगावच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मैफल झाली. गौतमी उशीवर बसली, समेवर माना हलल्या की मांडी बदलत राहिली आणि गुरुजींनी भैरवी सुरू केली तेव्हा तिला एकाएकी जाणवलं, की आपण ही भैरवी ऐकतो आहोत. आजवर तिला भैरवी म्हणजे पोटरी एवढंच ठाऊक होतं. ती कान देऊन ऐकू लागली. चांगली होती. थोडी लांब होती.

पण मध्येच गुरुजींनी एक जागा अशी घेतली, की गौतमीला वाटलं, घरातलं कुणीतरी दारात येऊन उभं राहिलंय आणि आत येत नाहीये. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. मान हलवायची ती विसरली. डोळे कोरडे ठणठणीत होते.

पुढच्या रांगा तिच्याकडे बघत होत्या. पाणी येईना. रसिकांत चुळबुळ झाली. गुरुजींचा आज सूर लागलेला दिसत नाही, असं एकाने दुसऱ्याला डोळ्यांनीच कळवलं. तिसऱ्याने गाडीची किल्ली काढली. भैरवी संपली तेव्हा टाळ्या झाल्या, पण बऱ्याच जणांनी त्या चालता चालता वाजवल्या.

त्या संध्याकाळी गुरुजी जेवले नाहीत.

"गौतमी, बाळ," ते म्हणाले, "जांभई देत होतीस?"

"नाही हो, गुरुजी. ऐकत होते."

"तू हल्ली ऐकत नाहीस." गुरुजींनी भिंतीकडे तोंड केलं. "पूर्वी ऐकायचीस. महोत्सवाचं आपण नक्की बघू."

गुरुजी अंथरुणाला खिळले. रियाज बंद, लिंबूपाणी बंद, स्वतःच्या थोरवीविषयी बोलणंसुद्धा बंद. स्वास्थ्य विभागाकडे आलेला हा सर्वांत गंभीर रुग्ण होता. पायल मॅडमनी तातडीची बैठक बोलावली. एका पारड्यात शिष्येची पोटरी, दुसऱ्यात गुरूचं मन. पोटरीचा प्रश्न शारीरिक होता आणि मनाचा मानसिक. आणि यंदाचा शारीरिक निधी उशांवर संपलेला होता. निर्णय सोपा झाला. भैरवीपुरती उशी काढून घ्यावी, असं ठरलं. या उपचाराला 'नियंत्रित वेदना' असं नाव देण्यात आलं.

"आय नो, हे थोडं ऑड वाटेल," पायल मॅडम गौतमीला म्हणाल्या. "पण एम्पथीने बघ ना. त्यांचं हीलिंग तुझ्या हातात आहे."

"पायात," गौतमी म्हणाली.

पुढच्या मैफलीत उशी काढली. काही उपयोग झाला नाही. व्यायामाने पाय दणकट झाला होता. गौतमीने दुःखाच्या गोष्टी आठवून पाहिल्या, पापण्या मिटायच्या थांबवून पाहिल्या. पाय मजेत होता. कोणत्याही विभागाला पूर्ण यश आलं की त्याची अशी पंचाईत होते.

अखेर विभागाने एक उपकरण पुरवलं. ते मुळा नदीच्या पात्रातून आणलेलं, निर्जंतुक केलेलं आणि कापडी पिशवीत घातलेलं होतं. त्याच्या एका बाजूला चांगली धार होती. साध्या मराठीत त्याला खडा म्हणतात. तो मांडीखाली नेमका कुठे ठेवायचा, हे फिजिओथेरपिस्टनीच दाखवलं, म्हणजे कायमची इजा नको.

गौतमी एक दिवस तो खडा हातात घेऊन बसून राहिली. मग महोत्सवातली ती वीस मिनिटं डोळ्यांसमोर आली आणि ती त्यावर बसली.

दगडाला पाझर फुटतो असं म्हणतात. इथे दगडाने फोडला. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. एक गृहस्थ "अरेरे, काय भैरवी," म्हणत उभेच राहिले. गुरुजींनी मागे वळून पाहिलं आणि त्यांना जागेवरच बरं वाटलं. घरी परतताना ते म्हणाले, "कासारसाईला तू गा." त्यात 'बघू' नव्हतं.

महोत्सवाच्या दिवशी गौतमीमागे तंबोऱ्याला दिशा बसणार होती. दिशा गुरुकुलात नवीन होती. गौतमी मंचामागे गळा गरम करत होती, तेवढ्यात पायल मॅडम कापडी पिशवी घेऊन आल्या.

"हे दिशासाठी. तू ओके म्हणालीस तर लगेच सेट करते. बघ, ऑडियन्स कनेक्ट होतो."

दिशा पिशवीकडे बघत होती. "ताई, काय हाय त्यात?"

समोर धरणाकाठी खुर्च्या भरल्या होत्या. आयोजक पहिल्या रांगेत होते. दामू आणि अनुसयाबाई तिसऱ्या. गौतमीला सगळं गणित कळत होतं. ती काही संत नव्हती. तिने क्षणभर पिशवीकडे हातही नेला.

मग ती म्हणाली, "काही नाही गं. तू ही उशी घे. आणि पाय दुखला की खुशाल मांडी बदल. माझा षड्ज मी बघते."

आणि ती गायली. कुठल्याही पायाची मदत न घेता गायली. गुरुजींच्या भैरवीत दारात उभं राहिलेलं ते जे कुणी होतं, ते तिच्या गाण्यात एकदा उंबरा ओलांडून आत आलं. तिला ते स्वच्छ कळलं. मागे दिशा तोंड किंचित उघडं टाकून बसली होती, मान हलवायची विसरून.

टाळ्या झाल्या. सभ्य, बेताच्या, चहाची वेळ झाल्यासारख्या.

"ग्वाड गायलीस," अनुसयाबाई म्हणाल्या. "पर ती मागची पोरगी कोन? ठोंब्यावानी बसली होती."

आयोजकांपैकी एक जण मुद्दाम येऊन भेटले. पुण्यात त्यांचं मोठं मंडळ होतं आणि गाण्यातलं त्यांना फार कळतं, असं त्यांचंही मत होतं.

"छान झालं हो," ते म्हणाले. "मला तर मधेच एकदा गलबलल्यासारखं झालं होतं. पण मंचावर कुणाच्याच डोळ्यांत काही दिसेना. म्हटलं, आपलाच काहीतरी गैरसमज होत असेल. म्हणून आवरलं."

आणि ते गुरुजींना पुढच्या तारखा विचारायला गेले. गौतमीने तंबोरा उचलला. गुरुजींची मैफल सुरू व्हायची होती.

(या जागी हसावं की हळहळावं, हे आपलं ठरत नसेल, तर संकोच करू नये. कथा आधी शेजारच्याला वाचायला द्यावी आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसावं.)