अ‍ॅनीची साखर रात्रीच का पडते?

बोटीच्या इंजिन रूममध्ये ज्याने उभा जन्म काढला, त्याला घरातला एक मोबाइल काय शिकवणार? निदान तारकर्लीच्या बाप्तिस्तचं तरी हेच मत होतं, आणि मत स्वतःजवळ ठेवायची त्याला सवय नव्हती.

"अगो, भर समुद्रात मी नुसत्या आवाजावरून बिघाड काढलेले आसत," तो बायकोला म्हणाला. "हो तर तळहाताएवढो फोन. रविवारच्या आत सरळ करतंय तेका."

बायको म्हणजे अ‍ॅनी. तिला मधुमेह जुना, इन्सुलिन रोजचं. म्हापशाला बँकेत असलेल्या लेकीने, डेल्सीने, आईच्या डाव्या दंडावर रुपयाएवढा एक सेन्सर चिकटवून घेतला होता. तो अंगातली साखर मोजायचा आणि आकडा फोनवर पाठवायचा. साखर फार उतरली की फोन कोकलायचा, आणि तिकडे म्हापशाला डेल्सीचाही. दिवसा सगळं सुरळीत. अ‍ॅनी दिवसभर कोंबड्यांमागे धावली तरी फोन हूं की चूं करत नसे. रात्री मात्र ती निजली रे निजली की साखर खाली आणि घर फोनच्या डोक्यावर!

बाप्तिस्त धडपडत उठायचा आणि तिला साखरेचं पाणी पाजायचा. असं बरेच दिवस चाललं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "बाई, रात्री उठून गोड खाता का? सकाळची साखर चढलेली दिसते." तेव्हा कुठे बाप्तिस्तने पाणी पाजण्याआधी अ‍ॅनीच्या बोटाला सुई टोचून पाहिलं. रक्तात साखर अगदी बरोबर. म्हणजे फोन धादांत खोटं बोलत होता.

खोटं बोलतो म्हणून हसण्यावारी न्यावं, तर एखाद्या रात्री तो खरंही बोलणार होता. लांडगा आला रे आला ऐकून ऐकून अ‍ॅनी आताशा फोन उशीखाली दाबून कूस बदलायची. डेल्सीला ते कळलं आणि तिने निकाल सांगून टाकला. "रविवारी येतंय. तोवर अलार्म सुधारलो नाय तर मम्मीक म्हापशाक घेवन जातलंय."

म्हापशाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. कोंबड्या नाहीत, कुंपणापलीकडची सुशीला नाही. अ‍ॅनीने त्या संध्याकाळी कोंबड्यांना दोनदा दाणे घातले. बाप्तिस्तला ते दिसलं.

त्याने कंबर कसली. आधी त्याला बॅटरीचा संशय आला. फोनमधली दिसेल ती कळ त्याने दाबून पाहिली, आवाज होता तेवढा वाढवला आणि आणखी घुमावा म्हणून फोन तांब्याच्या घंगाळात ठेवला. घुमला तो असा की सुशीलेचा नवरा सत्यवान कोयता घेऊन चोर पकडायला आला, आणि मागून सुशीला साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन. अ‍ॅनीच्या बोटातली साखर याही वेळी ठीकच निघाली. केलेलं पाणी फुकट कशाला घालवायचं म्हणून सुशीलेने ते बाप्तिस्तलाच पाजलं.

मग संशय खाऱ्या हवेवर गेला, तिथून बांगड्यावर. दोन दिवस अ‍ॅनीचं मासे खाणं बंद झालं. अलार्म वाजायचा तो वाजलाच, वर अ‍ॅनीचं डोकं फिरलं. "फोनाक सोड आणि माका धर," ती म्हणाली, "बिघडलंय ती मीच मां?"

पण एक प्रश्न बाप्तिस्तला काही केल्या सोडेना. दिवसा नाही, मग रात्रीच का? फोन तोच, बायको तीच, सेन्सर तोच. रात्री असं काय येतं, जे दिवसा नसतं? अंधार म्हणावा, तर साखरेला अंधाराशी काय देणंघेणं? तो विहिरीवर उभा राहून विचार करी आणि कळशी भरायची विसरून घरी येई.

रविवारी डेल्सी आली. बाप्तिस्तने तिच्याकडे एक संधी मागून घेतली. "बिघाड बघूचो तर इंजिन चालू होया. आज दुपारीच रात करूया."

तशी रात्र केली. एरवी अ‍ॅनी दुपारची आडवी होत नसे आणि बाप्तिस्त ओटीवर आरामखुर्चीत पडे. आज दोघंही जेवून आपापल्या रोजच्या जागी खाटेवर गेली. तिच्या उजव्या अंगाला तो, हातात घड्याळ घेऊन. दाराशी बाकावर डेल्सी आणि सुशीला. बाप्तिस्त काय शोधून काढतो हे घरी सत्यवानालाही ऐकायचं होतं, म्हणून सुशीला जेवण अर्धं टाकून आली होती.

"कोण बोलूचा नाय," बाप्तिस्तने बजावलं. "मी जागो रवान बघतंय."

पण पोटात बांगड्याचं तिखलं, भात आणि वर सोलकढी. टक्क जागी राहिली ती अ‍ॅनी. बाप्तिस्तचं घड्याळ छातीवर कललं आणि जुन्या होडीच्या इंजिनासारखं त्याचं घोरणं सुरू झालं. बाकावरच्या दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून बसल्या. अ‍ॅनीने थोडा वेळ सोसलं. मग रोजच्यासारखी नवऱ्याकडे पाठ केली, डाव्या कुशीवर वळली, डावा दंड अंगाखाली घट्ट दाबला आणि झोपी गेली.

दोघी बघत राहिल्या. काही वेळाने फोन कोकलला.

डेल्सीने धावत येऊन आईचं बोट टोचलं. साखर ठीक. "मम्मी, दंड सोड बगया." अ‍ॅनी उताणी झाली. साखरेचा कणही न देता फोनवरचा आकडा हळूहळू वर चढत गेला आणि बोटातल्या आकड्याला येऊन मिळाला. सेन्सर लावताना नर्सने सांगितलेलं डेल्सीला आता आठवलं, त्याच्यावर भार पडला तर तो चुकीचं कमी दाखवतो. एवढ्या गोंधळात बाप्तिस्त निवांत घोरत होता. त्याला गदागदा हलवून उठवावं लागलं.

"भावजीनू, बिघाड गावलो," सुशीला म्हणाली.

"खंय?" तो ताडकन उठून बसला.

"तुमच्या नाकात."

सगळं ऐकल्यावर बाप्तिस्तचं तोंड एवढंसं झालं. "मी ओटीर निजतंय," तो म्हणाला.

"काय नको," अ‍ॅनी म्हणाली. "तू बोटीर आसताना मी गप्प घरात वर्सांची वर्सा एकटी निजलंय. माका त्या गप्पपणाचा भय वाटता. घोर कितीय, पण हयसर. फकस्त बाजू बदल."

त्याने बाजू बदलली. आता नवऱ्याकडे पाठ केली तरी अ‍ॅनी उजव्या कुशीवर, डावा दंड मोकळा. फोन गप्प झाला. डेल्सीने म्हापशाच्या फ्लॅटचं नाव काढलं नाही, पण आईला आणखी काही दिवस बघते म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात एका रात्री फोन कोकलला. अ‍ॅनी जागी झाली तर अंग घामाने थबथबलेलं, हात लटपटत होते. तिने बोट टोचलं. साखर खरोखरच पडली होती. ती तशीच बसल्या जागी साखरेचं पाणी प्यायली, तोवर डेल्सीचा फोन आला.

"उठलंय मी, साखर घेतलंय," अ‍ॅनी म्हणाली. "आकडो चढता. भिया नको."

"आणि पप्पा?"

अ‍ॅनीने फोन नवऱ्याच्या तोंडापाशी धरला. डेल्सीने ते घोरणं पुरतं ऐकून घेतलं. आकडा पूर्ण वर येईपर्यंत मायलेकी बोलत राहिल्या आणि मग दोघीही निजल्या.

सकाळी चहा व्हायच्या आत बाप्तिस्तने लेकीला फोन लावला. "डेल्सी, रातभर एकदाय वाजलो नाय बग. आता पटला मां तुका?"

"पटला पप्पा," डेल्सी म्हणाली. "तू जागो आसतंस म्हणान तर मी निवांत निजतंय."