पेडणेकर काकांचा गाल

आमच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी भरली की नाही, हे बघायला कोणी गच्चीवर जात नाही. पेडणेकर काका जिन्याखाली येतात, टाकीकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपला आपला डावा गाल चिकटवतात, डोळे मिटतात आणि थोड्या वेळानं जाहीर करतात, "अर्धी झाली. अजून वीस मिनिटं." आणि ती खरोखर अर्धीच झालेली असते. आमच्या फुलपाड्यात ज्याला पाण्याचं कळतं तो मोठा माणूस, त्यामुळे या गालाला आमच्याकडे मान आहे. नवीन भाडेकरू मात्र पहिल्या दिवशी दचकतात. साठी उलटलेला, बनियनवरचा एक गृहस्थ पाइपला बिलगून डोळे मिटून उभा दिसला, तर कोणीही दचकेल.

पाइप ही नुसती सुरुवात आहे, हे मला हळूहळू कळलं. काका दुधाची पिशवी गालाला लावून घेतात. नारळ लावतात, कलिंगड लावतात. इस्त्री तेवढी लावत नसावेत, असा माझा अंदाज आहे. आमच्या मुलीला ताप आला तेव्हा बायको थर्मामीटर शोधत होती, तोवर काकांनी पोरीच्या कपाळाला गाल लावून "शंभरच्या आत आहे, पेज द्या" असा निकाल देऊन टाकला होता. थर्मामीटर सापडल्यावर बघितलं, तर काकांचंच बरोबर.

मला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची जुनी खोड आहे. मी एकदा विचारलंच, "काका, सगळे हात लावून बघतात. तुम्ही गाल का लावता?"

"हात खोटं बोलतात," काका म्हणाले आणि कलिंगड उचलून चालू लागले.

आता हे त्यांनी म्हणावं याचं मला नवल वाटलं. कारण सातिवलीच्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासायची नोकरी केली ती बोटांच्या जिवावर. मशीन होतं, पण मशीनला शंका आली की स्प्रिंग काकांकडे यायची. अंगठ्यानं दोनदा दाबून ते सांगायचे, ही पास, ही नापास. हे मला त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका माणसानं सांगितलं होतं, आणि सांगताना त्यानं स्वतःचा अंगठा दोनदा दाबून दाखवला होता.

काकांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे "तळाला विचार." कुठल्याही प्रश्नावर त्यांचं हेच उत्तर असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन तास भांडण झालं की काका कोपऱ्यातून म्हणणार, "वर वर काय बोलताय? तळाला विचारा." माझी बढती अडली होती तेव्हाही तेच. तळाला म्हणजे नक्की कोणाला विचारायचं, हे मला कळेना. शेवटी एका रविवारी त्यांनी ते उलगडून सांगितलं, आणि त्यातच मी अडकलो.

काका गळानं मासे पकडतात. खाडीवर बसून नव्हे. दिवाळी झाली की पाचूबंदरच्या बस्त्याव तांडेलाच्या बोटीतून सात-आठ हौशी मंडळी तीन दिवसांसाठी खोल समुद्रात जातात, खडकाळ जागा शोधून नांगर टाकतात आणि तळाचे मासे काढतात. तांबोशी, हेकरू, ढोमा, वाम. जाळं नाही, काठी नाही. हातात नायलॉनची जाड दोरी, टोकाला शिसं आणि गळ, गळाला माकुळाचा तुकडा. शिशाच्या बुडाला एक खळगा असतो, त्यात काका धुण्याच्या साबणाचा गोळा दाबून बसवतात. शिसं तळाला आपटलं की साबणाला तिथली वाळू, चिखल किंवा शंखाचा चुरा चिकटून वर येतो. खाली काय आहे ते त्यावरून कळतं. तळाला विचारायचं ते असं.

"या खेपेला चल," काका म्हणाले. "एक जण गळालाय."

मला बोट लागते. नालासोपाऱ्याच्या जत्रेतला पाळणासुद्धा लागतो. पण उत्सुकता वाईट असते. बायको म्हणाली, "जा, पण मासे आणलेस तर साफ करून आण."

पाचूबंदरला पहाटे बोटीत बर्फ, पाणी, तांदूळ, कांदे असं सामान चढत होतं. बस्त्याव तांडेल काकांच्याच वयाचा, छातीवर क्रूस, आवाज असा की इंजिन बंद आहे की चालू, त्याला फरक पडू नये. त्यानं काकांना बघितलं आणि आम्हा सगळ्यांसमोर बोलायला सुरुवात केली.

"पेडनेकर, तुला शेवटचा सांगतो. गेल्या खेपेला गळ तुझ्या तळव्यात घुसला. पार आत. आनि तू तिकडं हसत गोष्टी सांगत उभा. बोटीवर रगत मी बगितला, तुला पत्ता नाय. या टायमाला एक मासा स्वताच्या हातानं वर काडून दाखव, नीट. नाय जमला तर पुडच्या टायमाला घरी बसायचा. माज्या बोटीवर तुला काय झाला तर मी कोनाला तोंड दाखवू?"

काका खाली बघत म्हणाले, "बरं." मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहतो, पण त्यांना खाली बघताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

पहिला दिवस माझा बोटीच्या काठावर ओणवं होण्यात गेला. त्याचं वर्णन करत नाही. पण दोन ओकाऱ्यांच्या मधल्या वेळात मी बघत होतो, कारण बघण्यासारखं बरंच होतं. बस्त्यावकडे जागा दाखवणारं यंत्र आहे, मासे दाखवणारा छोटा पडदाही आहे. काका त्या पडद्याला "टीव्ही" म्हणतात आणि त्यावर विश्वास ठेवत नाहीत. शिसं वर आलं की साबणाकडे बघून सांगतात, "चिखल आहे. थोडा पश्चिमेला घे." बस्त्याव शिव्या घालत बोट हलवतो, पण हलवतो. मग पुन्हा शिसं, आणि या वेळी साबणावर शंखाचा चुरा आणि शेवाळाचा एक लाल धागा. "हां, खडक आला," काका म्हणाले. बाकीचे सहा जण "काका, किती खोल? काका, शिसं केवढं लावू?" करत त्यांच्याभोवती जमले. काका एकेकाला उत्तर देत होते, वीस वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर वीस वेळा. त्या घोळक्यात ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

आणि मग दोरी सोडून झाल्यावर, माशाचा चावा कळावा म्हणून, प्रत्येकानं ती तर्जनीवर धरली. काकांनी मात्र काठावर मान कलती केली आणि ताणलेली दोरी गालावर टेकवून धरली.

मी काठ सोडून सरळ झालो. पाइप, पिशवी, कलिंगड, पोरीचं कपाळ, सगळ्याचा अर्थ एकदम लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी थांबलं. भरती आणि ओहोटीच्या मध्ये अशी एक वेळ असते, तेव्हा एकही मासा तोंड लावत नाही. सगळे ताडपत्रीखाली आडवे झाले. मी काकांच्या शेजारी जाऊन बसलो.

"बोटांना काही कळत नाही ना?" मी विचारलं.

"शुगर," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. आधी टोकं गेली, मग दोन्ही पंजे. बोटं आहेत, काम करतात, फक्त सांगत काही नाहीत."

"मुलीला सांगितलंत?"

"ती पुण्याला. सांगितलं की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येईल आणि मला भरून घेऊन जाईल. पुण्यात समुद्र आहे का?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. काका दोरी गालावरून न काढता बोलत होते, त्यामुळे त्यांचं तोंड जरा वाकडं दिसत होतं.

"मासे कोणाला हवेत रे," ते पुढे म्हणाले. "मी एकटा किती खाणार? सगळे वाटूनच टाकतो. पण घरी मला कोणी काही विचारत नाही. टाकी भरली का, एवढंच. इथं तीन दिवस माणसं विचारतात, काका हे काय, काका ते कसं. बस्त्यावनं बंद केलं तर मग झालंच."

मी उगाच विचारलं, कुठला मासा कसा ओळखता? ते लगेच खुलले. शिंगाळा हिसका मारतो. ढोमा चोखतो, जणू लिमलेटची गोळी. तांबोशी दोनदा दार वाजवते आणि थांबते. "आणि हेकरू?" मी विचारलं. "तो येतो, घेतो आणि सरळ कपारीत जाऊन बसतो. तो आत शिरायच्या आधी ओढलं तर आपला. एक क्षण उशीर झाला की दोरी खडकाला, आणि हेकरू आपल्या घरी."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना काही ना काही लागलं. मला एक वाम लागली, ती सापासारखी वळवळताना बघून मीच दोरी सोडून दिली. काकांना दोनदा चावा कळला, गालावर अगदी स्पष्ट कळला, पण दोरी पकडेपर्यंत पंजातून सरकून गेली. पकड किती घट्ट झाली, हेच त्यांना समजत नव्हतं. बस्त्याव सुकाणूपाशी बसून बघत होता आणि काही बोलत नव्हता. तो बोलत नाही हे मला जास्त वाईट लक्षण वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत फिरायला तासभर उरला होता. मी पुन्हा काठावर, ओणवा, माझ्या नेहमीच्या जागी. शेजारी काका, मान कलती. एकाएकी ते म्हणाले, "गप्प." मी ओकत होतो, तरी गप्प झालो.

"आलाय," ते म्हणाले. आणि मग एवढ्या जोरात ओरडले की ताडपत्रीखालचे सगळे उठले, "घेतला!"

ते उभे राहिले आणि त्यांनी ती चूक केली जी नवख्याला पहिल्याच दिवशी करू नको म्हणून सांगतात. दोरी सरळ तळहाताभोवती गुंडाळली, एक वेढा, दोन वेढे, आणि अंग मागे टाकून ओढलं. बोटांच्या पकडीवर भरवसा नव्हता ना, म्हणून. मी पुढे धावलो.

"हात लावायचा नाही कोणी!" काका ओरडले. "माझा आहे!"

वीस वाव दोरी त्यांनी एकट्यानं ओढली. वेढा सोडायचा, खाली वाकायचं, पुन्हा वेढा घ्यायचा. घाम, धाप, मधेच एक शिवी, ती हेकरूला की बस्त्यावला ते कळलं नाही. पाण्यात आधी तपकिरी काहीतरी दिसलं, मग उघडं तोंड. बस्त्याव स्वतः आकडा घेऊन धावला आणि त्यानं तो हेकरू वर घेतला. आठ किलोला कमी नसेल. सगळ्यांनी आरडाओरडा केला, कोणी शिट्टी मारली, मी टाळ्या वाजवल्या. काकांनी बस्त्यावकडे बघितलं. परीक्षेचा निकाल बघायला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा तो चेहरा होता.

बस्त्याव मात्र माशाकडे बघत नव्हता. तो फळीवर पडलेल्या दोरीकडे बघत होता. शेवटची काही वाव दोरी लाल झाली होती.

त्यानं काकांचा उजवा हात धरून उघडला. तळव्यावर दोन खोल चिरा होत्या, एक अंगठ्याखाली, एक आडवी.

"दुखतंय का, काका?" मी विचारलं.

काकांनी तळव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझ्या तोंडावरून वाटतंय, बरंच लागलंय," ते म्हणाले.

बस्त्यावनं गोड्या पाण्यानं हात धुतला, हळद दाबली, स्वतःच्या अंगावरचा पंचा फाडून बांधला. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "मासा काडलास. सबूद म्हंजे सबूद. पन तुला एकट्याला दोरी देनार नाय मी. एक दोरी, दोन मानसं. वळखायचा तू, वडायचा दुसऱ्यानं. दुसरा कोन ते तू शोध. नाय मिळाला तर येऊ नको."

यात गोम होती. इथं येणारा प्रत्येक जण वर्षभर वाट बघून येतो तो स्वतःच्या दोरीसाठी. दुसऱ्याच्या सांगण्यावरून ओढायचं, म्हणजे नुसतं गडीकाम. एक जण आपला गळ तपासू लागला, दुसऱ्याला बर्फ बघायचा होता. बस्त्यावनं नांगर उचलून बोट परत फिरवली. काकांनी कोणालाच विचारलं नाही. ते एका पिंपावर बसले आणि बांधलेला हात मांडीवर ठेवला.

गेले तीन दिवस मी दर तासाला शपथ घेत होतो की पुन्हा आयुष्यात बोटीवर पाय ठेवणार नाही. बायकोची शपथ घेतली होती, मुलीची घेतली होती, बस्त्यावच्या चर्चमधल्या मायेपुढे मेणबत्तीही कबूल केली होती.

"मी येईन," मी म्हणालो.

"ओकशील," काका म्हणाले.

"ओकीन. पण ओकताना दोन्ही हात मोकळे असतात."

बस्त्याव एवढ्या जोरात हसला की सुकाणूवरचा त्याचा हात सुटला. काका हसले नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं आणि पाण्याकडे बघू लागले. मी त्यांच्या शेजारी पिंपावर जाऊन बसलो. त्यांचे डोळे भरले होते, हे मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांना कळलं.

खाडीच्या तोंडाशी लाटा आडव्या यायला लागल्या आणि बोट कलंडू लागली. मी ओणवं व्हायला काठाकडे वळलो. काकांनी न बघताच डावा हात पुढे केला आणि माझा हात पकडला. किनाऱ्यावरचे माड दिसू लागले होते, ते तिकडे बघत होते. थोड्या वेळानं, तिकडेच बघत, त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"धरलाय ना मी?"

"धरलाय, काका," मी म्हणालो. "घट्ट धरलाय."